क्लाराचं आख्यान

परवा माझ्या थोरल्या बहिणीच्या, अक्काच्या, सिस्टरपणाच्या व्रतांना पन्नास वर्षं झाली, म्हणून नगरला तिच्या कॉन्व्हेंटमध्ये प्रार्थनेचा मोठा मिस्सा झाला. मांडव, झेंडूच्या माळा, बिर्याणी, केक, सगळं होतं. प्रवचनाला एक तरुण फादर उभे राहिले. तिशीतले असतील, माइकवर बोलायची हौस असलेले. ते म्हणाले, "सिस्टर मार्था यांना देवाची हाक ऐकू आली ती त्यांच्या वडिलांच्या कीर्तनातून. त्या थोर कीर्तनकाराने आपली ज्येष्ठ कन्या हसतमुखाने प्रभूच्या चरणी वाहिली." टाळ्या पडल्या. माझ्या शेजारच्या बाईंनी डोळे पुसले. माझी मात्र तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणे हसतमुखाने! माझं वय सदुसष्ट, रोज रक्तदाबाची गोळी घेते, आणि तरी उठावं अन् त्या पोराच्या हातातला माइक हिसकावून घ्यावा असं मला वाटलं. अक्का पहिल्या रांगेत बसली होती. मी काय करणार हे तिला पाठमोरीही कळतं. तिने मागे वळून माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली, म्हणजे गप्प बस. दिवस तिचा होता, म्हणून मी गप्प बसले. पण ज्यांनी वाट अडवली तेच पुढे गळ्यात हार घालून घेतात, आणि संतांची चरित्रं अशीच नासतात, हे मी तिथे धडधडीत पाहिलं. तेव्हा खरं काय घडलं ते मी लिहून ठेवणार आहे. अक्काला आवडणार नाही. न आवडो.

आमची वस्ती घोडेगावच्या रस्त्यापासून आत, ओढ्याच्या अल्याड. पल्याड गाव. आमच्याकडे सगळी घरं ख्रिस्ती, मधोमध कौलारू चर्च, आणि चर्चपुढच्या लिंबाला घंटा म्हणून टांगलेला रेल्वेच्या रुळाचा तुकडा. तो बडवायचा मान आप्पांचा. आमचे वडील म्हणजे आप्पा मिशनचे धर्मशिक्षक होते, वस्तीचे मास्तर. पोरांकडून प्रार्थना पाठ करून घ्यायच्या, फादर आले की त्यांची पेटी उचलायची, फादर नसताना कुणी गेलं तर मातीपुढे प्रार्थना म्हणायची, ही त्यांची कामं. पण नाव झालं ते कीर्तनाने. आवाज असा होता की ओढ्यापलीकडची पाटलाची माणसंही काठावर येऊन बसायची. अलीकडे यायची नाहीत, पण ऐकायची. घरात या आवाजाचा फार थाट. पहाटे आप्पा चिपळ्या घेऊन चाल बसवत असले की आईने जातं थांबवायचं. "घरघर बंद कर गं, माझी चाल मोडती," असं ते म्हणायचे. आई खुंटा सोडून, मांडीवर हात ठेवून तशीच बसायची, आणि त्यांचं झालं की उरलेलं दळायची. उशीर झाला की पुन्हा बोलणी तिलाच.

हे घडलं त्या साली पाऊस नव्हता. त्याच्या आदल्या सालीही नव्हता. दुष्काळी कामावर खडी फोडायला आई आणि अक्का जायच्या, आणि शाळा सुटली की मीही जायचे. रेशनवर लाल मिलो मिळायचा, म्हणजे परदेशातून आलेली ज्वारी. त्याची भाकरी तव्यावर फुगायची नाही आणि ताटात आली की तुकडे पडायचे; खाल्ली की घशात खरखर राहायची. मिशनमधून दुधाची पावडर मिळायची, तिचं आई पाणीदार दूध करून मीठ घालून आम्हाला प्यायला द्यायची, कारण गूळ परवडत नव्हता. मडक्याच्या तळाला थोडी खरी ज्वारी होती. तिची रोज एक भाकरी व्हायची आणि ती आप्पांच्या ताटात पडायची. "त्यांना गावं लागतं," आई म्हणायची. खडी फोडून हाताला फोड आलेल्या दोघी जणी मिलो चावत बसायच्या आणि ज्यांना गावं लागतं ते पांढरी भाकरी खायचे. त्याचा मला तेव्हाही राग यायचा आणि आजही येतो.

आप्पांचं सगळ्यांत गाजलेलं आख्यान संत क्लाराचं. दर वर्षी श्रावणात तिचा सण यायचा, आणि त्या दिवशी सकाळच्या मिस्सानंतर चर्चच्या अंगणात कीर्तन उभं राहायचं. असिसी नावाचं गाव आप्पांनी कधी पाहिलं नव्हतं, पण ते सांगायला लागले की ते गाव नेवाशाच्या पुढे कुठेतरी असावं असं वाटायचं. क्लाराचं घर सरदाराचं, म्हणजे मोठ्या वाड्याचं, दारात घोडी झुलणारी. पोर उपवर झाली, सोयरीक ठरली, आणि पोर म्हणाली मला लग्न करायचं नाही, मी देवाची. घरचे ऐकेनात. मग एका रात्री ती मागच्या दाराने निघाली, रानातल्या लहानशा चर्चमध्ये गेली, आणि तिथे संत फ्रान्सिसने तिचे सोनेरी केस कापले. इथे आप्पा स्वतः रचलेली ओळ घ्यायचे, "कापिले कुंतल, तुटले बंधन, क्लारेने जीवन वाहियेले," आणि बायकांच्या बाजूला हुंदके सुरू व्हायचे. पुढचा प्रसंग आम्हा पोरांचा आवडता. क्लाराचा काका माणसं घेऊन तिला ओढून न्यायला येतो. ती वेदीवरचा कपडा घट्ट धरते. आप्पा आपलं उपरणं दोन्ही हातांत धरायचे, एका हाताने काका होऊन ओढायचे, दुसऱ्या हाताने क्लारा होऊन धरून ठेवायचे. मग ते उपरणं डोक्यावरून मागे सारायचे, म्हणजे क्लाराने पदर काढून कापलेले केस दाखवले, आणि काकाचा हात गळून पडायचा. खरोखर गळून पडायचा, खांद्यापासून. त्यानंतर क्लाराने गरीब बायकांचा संघ कसा उभा केला, जमीन नको, इस्टेट नको, अनवाणी राहायचं आणि मिळेल तो तुकडा वाटून खायचा, हे ते सांगायचे. शेवटी आरती, गूळ-फुटाणे, आणि म्हाताऱ्या बायका आप्पांच्या पाया पडायच्या.

अक्का हे लहानपणापासून ऐकत आली होती, आणि तिने ते खरं मानलं. तिची सगळी चूक काढायची तर एवढीच. कीर्तनकाराच्या घरात वाढलेली पोर ती; अंगणात जे बोललं जातं ते घरातही चालतं असं तिला वाटलं. दुष्काळात दर आठवड्याला नगरहून जीप यायची, त्यातून एक सिस्टर औषधं आणि दुधाची पावडर घेऊन उतरायच्या. अक्का त्यांच्या हाताखाली पोरांच्या गळवांना पट्ट्या बांधायची. तिचा हात हलका होता. तिने सिस्टरांना विचारलं की मी तुमच्यात येऊ का. सिस्टर म्हणाल्या, "ये, पण घरी सांगून ये." तेव्हा अक्का एकोणीस वर्षांची होती. तिने आप्पा जेवायला बसलेले असताना सांगितलं.

"आप्पा, मला सिस्टर व्हायचंय."

आप्पांनी घास खाली ठेवला नाही. "तुजं ठरलंय," ते म्हणाले.

"काय ठरलंय?"

"लगीन. साखर कारखान्यावर डायव्हर हाय. आपल्यातलाच. बायकू वारली, दोन लेकरं हायत. त्याच्या बापाला म्या शबुद दिलाय. सुपारी फुटली."

"मला न इचारता?"

"पोरीला इचारून कुनी सुपारी फोडतं का?" आणि आईकडे वळून, "तिला सांग जरा. लई डोकं चालाया लागलंय."

आई चुलीकडे तोंड करून बसली होती. तिने काही सांगितलं नाही. तिने तेव्हा काहीच सांगायचं नसायचं, आणि मला तिचाही राग आला. माझ्याकडे त्या वयात रागाला तोटा नव्हता. दुसऱ्या दिवशी अक्का फादरांकडे गेली. फादर पुस्तकी मराठी बोलायचे. ते म्हणाले, "मुली, पित्याची आज्ञा पाळणे हीच ईश्वराची इच्छा." अक्काने विचारलं, "मग क्लाराने का पाळली न्हाई?" फादर म्हणाले, "ती संत होती." आधी संत व्हायचं आणि मग घर सोडायचं, असा त्यांचा हिशोब असावा.

सणाच्या आदल्या दिवशी आम्ही दोघी चर्चमध्ये रंगीत कागदाच्या पताका कापत बसलो होतो. काम संपलं तशी अक्काने वेणी सोडली आणि कात्री माझ्या हातात दिली. "काप," ती म्हणाली. मी का म्हणून विचारलं नाही. तिला काय करायचंय ते मला लगेच कळलं, आणि मला फार आनंद झाला. उद्या सगळे रडतील, तेव्हा मी उभी राहीन, ती म्हणाली. क्लारासाठी दर वर्षी रडतात ती माणसं आहेत, मला कशी सोडतील? तिचे केस दाट होते, कागदाची कात्री त्यात अडकायची. मी दातओठ खाऊन कापले. ते मीच कापले हे माझ्या आयुष्यात केलेल्या चांगल्या कामांत मी वरच्या नंबरला धरते. केस आम्ही पताकांच्या कपट्यांत मिसळून ओढ्यात टाकले, आणि अक्का डोक्यावर पदर घट्ट ओढून घरी आली. दुष्काळात धुळीपायी बायका तशाही डोकं बांधून असायच्या, कुणी पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी अंगण भरलं. पुढच्या सतरंजीवर फादर, त्यांच्या शेजारी आमचा चुलता आणि त्या ड्रायव्हरचा बाप, व्याही म्हणून मुद्दाम बोलावलेला. आप्पा रंगात होते. रिकाम्या पोटी माणसं जास्त रडतात की काय कोण जाणे, पण क्लारा घरातून निघाली तेव्हापासूनच नाकं ओढली जात होती. आप्पांनी ओळ घेतली, "कापिले कुंतल," आणि बायकांच्या मधून अक्का उठली. तिने पदर खाली सोडला. माझ्या हाताने कापलेले ते वेडेवाकडे केस, कुठे बोटभर, कुठे टाळू दिसणारे. मृदंगवाला खाली मान घालून वाजवत होता, तो आणखी थोडा वेळ वाजवत राहिला. मग तोही थांबला. अक्का म्हणाली, "आप्पा, मला लगीन करायचं न्हाई. मी देवाची हाय." तिने आख्यानातलेच शब्द घेतले होते, त्यांचेच.

मी माणसांच्या तोंडाकडे पाहत होते. गालावरचं पाणी अजून वाळलं नव्हतं, आणि त्याच तोंडावर किळस आली. माझी आत्या म्हणाली, "रांडमुंड केली की गं सोताला!" कुणीतरी हसलं. व्याही उठून धोतर झटकायला लागले. अक्काने एकदा सगळ्यांकडे पाहिलं, आणि ती चर्चमध्ये पळाली. तिथे काय करायचं हे तिला माहीत होतं, त्यांनाही माहीत होतं, दर वर्षी तर पाहत होते. तिने वेदीचा कपडा दोन्ही मुठींत धरला. आप्पा चिपळ्यांसकट आत आले, मागे चुलता. मी धावले, तर आईने माझं मनगट असं पकडलं की दोन दिवस निळं होतं.

आप्पांनी तिच्या दंडाला धरून ओढलं. उपरण्याने ते इतकी वर्षं खेळले होते, पण यात खेळ नव्हता. आख्यानात काकाचा हात कापलेले केस पाहून गळून पडायचा. आप्पांनी ते केस हातभर अंतरावरून पाहिले आणि त्यांचा हात गळला नाही. चुलत्याने तिची बोटं एकेक करून सोडवली. कपडा मधोमध फाटला, मेणबत्त्या खाली आल्या. अक्का ओरडत नव्हती, ती फक्त "आप्पा, आप्पा" म्हणत होती. फादर दारात आले आणि म्हणाले, "अरेरे, वेदीचे वस्त्र!" त्या दिवशी त्यांनी उच्चारलेले शब्द एवढेच. पुढे वस्तीत महिनाभर बोलणं झालं तेही त्या कपड्याचं, मास्तरांच्या पोरीने वेदी विटाळली, असं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ही म्हण पुढे शिक्षिका झाल्यावर मला शाळेत शिकवायची वेळ आली की माझ्या डोळ्यांपुढे ते चर्च यायचं आणि मी वर्गावर उगाच खेकसायचे.

लग्न मोडेल असं मला वाटलं होतं. ते मोडलं नाही. व्याही म्हणाले, "क्यास काय, वाढत्यात. पोरं सांभाळाया बाई पायजे." आप्पांनी त्यांचे पाय धरले म्हणे. घोडेगावच्या बाजारातून आईने गंगावन आणलं आणि लग्नाच्या सकाळी अक्काच्या बोटभर केसांना दोऱ्याने आवळून बांधलं. मी तिला म्हणाले, "तू बी त्यांच्यातलीच." ती गाठ मारत राहिली. तिकडे मागच्या अंगणात दुधाच्या पावडरीची बासुंदी आटत होती आणि मिशनच्या भरड्या गव्हाचा शिरा होत होता. दुष्काळात असं जेवण म्हणजे पर्वणी, वस्तीतली झाडून सगळी माणसं आली होती. हळद लागलेली अक्का चुलत्याच्या आणि आप्पांच्या मधून चालत चर्चमध्ये गेली. वेदीवर नवा कपडा होता.

आता आमच्या लग्नविधीत एक गोष्ट असते. शपथ घेण्याआधी फादर दोघांना विचारतात की कुणाच्याही बळजबरीशिवाय, स्वखुशीने आला आहात ना. इतक्या लग्नांत मी ते ऐकलं होतं, पण तो प्रश्न खरा असतो असं कधी वाटलं नव्हतं. विचारायचं म्हणून विचारतात आणि सांगायचं म्हणून सांगतात. ड्रायव्हरने "हो" सांगितलं. माणूस वाईट नव्हता बिचारा, नवीन शर्टात घामाघूम झाला होता. फादर अक्काकडे वळले. अक्का खाली पाहत होती. मग तिने मान वर केली आणि म्हणाली, "न्हाई."

मोठ्याने नाही, पण स्पष्ट म्हणाली. मी तिसऱ्या ओळीत होते, मला ऐकू आलं. फादर गोंधळले. "काय म्हणालीस?"

मागून आप्पा म्हणाले, "हो म्हनली, फादर. लाजती."

आणि फादरांनी, देवाची शपथ घेऊन सांगते, पुस्तकाचं पान उलटलं.

मी बाकावर उभी राहिले. "न्हाई म्हनली! ती न्हाई म्हनली, म्या ऐकलं!" चुलत्याने मला खाली खेचून माझ्या तोंडावर पंजा दाबला. त्याच्या हाताला तंबाखूचा वास येत होता. फादरांनी चर्चभर नजर फिरवली. त्यांना कुणीतरी सांगायला हवं होतं की पोरगी खुळी आहे. "इतर कुणी ऐकले काय?" त्यांनी विचारलं. भरलेलं चर्च. पुढच्या बाकावरची आत्या जपमाळ पाहत बसली. मृदंगवाला छताकडे पाहत होता. क्लारासाठी रडणारी सगळी माणसं तिथे होती, आणि एकालाही ऐकू आलेलं नव्हतं. बाहेरून बासुंदीचा वास येत होता.

मग बायकांच्या बाजूने आई उठली. घरात भांडं आपटलं तरी दचकणारी आमची आई. पदर सावरून ती म्हणाली, "म्या बी ऐकलं. न्हाई म्हनली माजी लेक."

"खाली बस!" आप्पा ओरडले. "तुला काय कळतंय!"

"कळत नसंल. ऐकू येतं मला." ती चालत पुढे गेली. चर्चमध्ये पुरुषांच्या बाजूने बायका चालत नाहीत, ती त्याच बाजूने गेली आणि फादरांपुढे उभी राहिली. "फादर, आता तुमच्या पुस्तकात काय लिवलंय ते करा."

फादरांनी पुस्तक मिटलं. "संमती नसेल तर हा विवाह मला लावता येणार नाही," ते म्हणाले. हिंमत आली म्हणून नाही. दोन साक्षीदार झाल्यावर त्यांना दुसरं काही म्हणता येईना. व्याही उठले. ड्रायव्हरने कपाळाचा घाम पुसला. आई अक्काचा हात धरून दाराकडे निघाली, मी चुलत्याच्या हाताला चावून त्यांच्यामागे पळाले. आप्पा दारात आडवे उभे राहिले. मी त्यांना इतक्या लहान आवाजात बोलताना कधी ऐकलं नव्हतं.

"अगं, चार गावांत माजं नाव हाय. म्या त्येंना शबुद दिलाय."

आईने त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"शबुद तुमी दिलाय न्हवं?" ती म्हणाली. "मंग तुमीच जा नांदाया."